बिडाची जड भांडी कशी सांभाळायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बिडाची भांडी सांभाळायला कटकटीची असतात, या समजापायी कितीतरी चांगले तवे आणि कढया कपाटाच्या तळाशी गंजत पडतात. खरं तर या भांड्याला दोनच गोष्टी सोसत नाहीत: अंगावर साचून राहिलेलं पाणी आणि गरजेपेक्षा जास्त लावलेलं तेल. पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं फिरून याच दोन गोष्टींपाशी येतात.

बीड म्हणजे नक्की काय? लोखंडी तवा आणि बिडाचा तवा एकच का?

एक नव्हे. बीड म्हणजे ओतीव लोखंड, ज्याला आपण हल्ली कास्ट आयर्न म्हणतो. त्यात साधारण २ ते ४ टक्के कार्बन आणि १ ते ३ टक्के सिलिकॉन असतं. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात, पण या कार्बनमुळे बीड १२०० अंशांच्या आसपासच पाण्यासारखं पातळ होतं आणि वाळूच्या साच्यात ओतता येतं. इंग्लंडमधल्या अब्राहम डार्बीने १७०७ साली वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं होतं. नव्या भांड्याच्या पृष्ठभागावर जो बारीक खरखरीतपणा लागतो, तो साच्यातल्या वाळूचाच ठसा असतो.

साधा लोखंडी तवा पत्र्याचा असतो. त्यात कार्बन अगदी थोडा, म्हणून तो पातळ करता येतो, ठोकला तर वाकतो, आपटला तर त्याला पोचा येतो. बीड वाकत नाही, तुटतं. त्याच्या आत ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्या विखुरलेल्या असतात आणि ताण आला की तडा त्यांच्याच वाटेने धावतो. मनगट मोडेल इतकं जड हे भांडं फरशीवर पडलं की फुटू शकतं, यावर पहिल्यांदा कुणाचाच विश्वास बसत नाही. सीझनिंग (म्हणजे भांड्यावर तेलाचा पक्का थर चढवणं) आणि गंज यांबद्दल इथे जे लिहिलं आहे ते पत्र्याच्या तव्यालाही बरंचसं लागू पडतं. ठिसूळपणाबद्दलचं मात्र फक्त बिडाला.

इतकं वजन कशासाठी? हलकं भांडं का घेऊ नये?

हिशेबच करून बघू. ३० सेंटिमीटर व्यासाचा आणि ४ मिलिमीटर जाडीचा सपाट तवा घेतला, तर बिडाचा सुमारे २ किलो भरतो आणि त्याच मापाचा ॲल्युमिनियमचा पाऊण किलो. एक अंशाने तापायला बिडाच्या तव्याला साधारण ९४० जूल उष्णता लागते, ॲल्युमिनियमच्या तव्याला ६९०. म्हणजे तापल्यावर बिडाच्या पोटात सुमारे एक तृतीयांश जास्त उष्णता साठलेली असते. थंड जिन्नस टाकल्यावर पातळ भांडं जसं चटकन गारठतं तसं हे गारठत नाही. खरपूस रंग येतो तो त्यामुळे.

आता दुसरी बाजू, जी जाहिरातीत सांगत नाहीत. बिडात उष्णता पसरते हळू. त्याची उष्णतावाहकता ॲल्युमिनियमच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकीच. ‘बीड सगळीकडे सारखं तापतं’ हे वाक्य म्हणून चुकीचं आहे. लहान बर्नरवर मोठा तवा ठेवून आच मोठी केली की मधे करपतं आणि कडेला कच्चं राहतं. बीड सारखं तापतं, पण त्याला वेळ दिला तरच: मंद ते मध्यम आचेवर सहा-सात मिनिटं, आणि तवा बर्नरपेक्षा फार मोठा असेल तर मधूनमधून जागा फिरवून.

नवीन भांडं आणलं. पहिल्या दिवशी काय करायचं?

आधी ते कुठल्या प्रकारचं आहे ते पाहा. काळंभोर आणि किंचित तुकतुकीत असेल तर ते कारखान्यातच सीझन केलेलं आहे. गरम पाण्याने धुवा, लगेच वाळवा आणि वापरायला घ्या. सुरुवातीला थोडं जास्त तेल लागणारं काही शिजवलं तर बरं. करडं, राखाडी दिसत असेल तर ते कोरं आहे आणि वाटेत गंजू नये म्हणून त्यावर मेणाचा किंवा तेलाचा लेप असतो. तो लेप खायचा नसतो. गरम पाणी, साबण आणि घासणीने तो पूर्ण निघेपर्यंत धुवा, आचेवर ठेवून कोरडं करा आणि मग सीझनिंगला घ्या. आतून रंगीत, काचेसारखं चकचकीत असेल तर ते एनॅमलचं. त्याची तऱ्हा वेगळी आहे, ती पुढे येईल.

सीझनिंग म्हणजे भांड्याला तेल पाजणं का?

हा शब्दप्रयोग छान आहे, पण त्यानेच घोटाळा होतो. बीड तेल पीत नाही. लोखंडाला स्पंजासारखी भोकं नसतात. घडतं ते असं: तेलाचा अतिशय पातळ थर गरम लोखंडावर राहिला की त्यातल्या असंपृक्त मेदाम्लांचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो. तेलाचे सुटे रेणू एकमेकांना धरतात, साखळ्या होतात, साखळ्यांचं जाळं होतं आणि शेवटी द्रव तेलाच्या जागी कडक, कोरडा, लोखंडाला घट्ट चिकटलेला पॉलिमरचा थर उरतो. लाकडावर लावलेलं जवसाचं तेल दिवसागणिक सुकून कडक होतं, तीच ही क्रिया, फक्त उष्णतेमुळे तासाभरात होणारी. त्यात जळलेल्या तेलाचा थोडा कार्बन मिसळतो आणि भांडं काळं होतं.

हे एकदा लक्षात आलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. थर पातळ का हवा? कारण जाड थराला वरून साय धरते आणि आत तेल कच्चंच राहतं. थर अनेक का हवेत? कारण एक थर केसाहूनही पातळ असतो. साबणाने का जात नाही? कारण ते आता तेल उरलेलंच नाही.

घरी सीझनिंग कसं करायचं?

ओव्हन असेल तर तोच सोपा मार्ग. भांडं स्वच्छ धुऊन, पुसून, दहा मिनिटं गरम करून पूर्ण कोरडं करा. हाताला सोसेल इतकं कोमट झालं की तेलाचे थोडेसे थेंब घेऊन आतून, बाहेरून, तळाला, मुठीला, सगळीकडे चोळा. आता दुसरं कोरडं फडकं घ्या आणि ते सगळं तेल पुसून काढा. अगदी सगळं. पुसल्यावर भांडं कोरडं, मंद दिसलं पाहिजे. ओलसर चकाकत असेल तर तेल अजून जास्त आहे. फडक्याला लागून जे उरतं तेवढंच पुरतं, आणि हीच पायरी लोक घाईत उरकतात.

मग भांडं ओव्हनमध्ये पालथं ठेवायचं, २३० अंशांच्या आसपास तासभर ठेवायचं आणि ओव्हन बंद करून आतच गार होऊ द्यायचं. धूर होतो, खिडक्या उघड्या ठेवा. मुठीला लाकूड किंवा प्लास्टिक असेल तर ते आधी काढा. निघत नसेल तर ते भांडं ओव्हनमध्ये घालू नका. कोऱ्या भांड्याला असे तीन-चार फेरे द्यावे लागतात. पहिल्या फेरीनंतर रंग तपकिरी आणि डागाळलेला आला तर घाबरू नका, तो पुढे काळा होत जातो.

ओव्हन नसेल तर शेगडीवरही होतं. तसंच तेल लावून पुसायचं, मंद आचेवर ठेवायचं, धुराची पहिली रेघ दिसली की दहा मिनिटं तसंच राहू द्यायचं, भांडं फिरवत राहायचं, गार करायचं आणि पुन्हा. कडा नीट तापत नाहीत, त्यामुळे तिथे थर कच्चा राहतो, पण रोजच्या वापरात तोही भरून निघतो. मला स्वतःला शेगडीवर हळूहळू घडलेला तवा जास्त भरवशाचा वाटतो. चार फेऱ्यांत आणलेल्या चकाकीपेक्षा चार महिन्यांच्या स्वयंपाकाने आलेला काळेपणा टिकतो.

कोणतं तेल सर्वांत चांगलं?

ज्यात असंपृक्त मेद जास्त ते. सूर्यफूल, सोयाबीन, कॅनोला, द्राक्षबियांचं तेल, सगळी उत्तम. शेंगदाण्याचं चालतं. खोबरेल तेल आणि तूप यांत संपृक्त मेदच जास्त, त्यांचे रेणू एकमेकांना नीट धरत नाहीत. त्यात स्वयंपाक खुशाल करा, सीझनिंगला मात्र वापरू नका.

जवसाच्या तेलाची शिफारस सगळीकडे वाचायला मिळते, कारण ते सर्वांत लवकर आणि सर्वांत कडक सुकतं. थर दिसतोही देखणा, काचेसारखा. पण तो कडकपणाच त्याला नडतो. भांडं तापतं-निवतं, फुगतं-आकसतं, आणि अशा थराचे पापुद्रे सुटल्याच्या तक्रारी वारंवार येतात. स्वयंपाकाला वापरता तेच साधं तेल वापरा.

साबण लावला तर सीझनिंग जातं का?

नाही. हा नियम एके काळी बरोबर होता. घरगुती साबण कॉस्टिक सोड्यापासून करत आणि त्यात सोडा मोकळा राहून जाई. कॉस्टिक सोडा सीझनिंगचा पॉलिमर खरोखरच विरघळवतो. जुनं भांडं पार उघडं करायचं असेल तर आजही तोच वापरतात. आजचा भांडी घासायचा द्रव साबण सुटं तेल उचलतो, घट्ट झालेला थर नाही. थोडा साबण लावा, धुवा. मासे किंवा मांस शिजवल्यावर तर लावाच.

नुकसान करतो तो साबण नव्हे, साबणाच्या पाण्यात तासभर भिजत ठेवणं.

रोज कसं धुवायचं?

भांडं कोमट असतानाच. फार गरमही नको आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबणंही नको. गरम पाणी, मऊ घासणी. खाली काही लागलं असेल तर भांड्यात पेलाभर पाणी घालून दोन मिनिटं उकळा आणि लाकडी उलथन्याने खरवडा, बहुतेक सगळं सुटून येतं. तरीही राहिलं तर चमचाभर जाडं मीठ टाकून फडक्याने चोळा. बारीक कड्यांची साखळीची घासणीही चांगली, ती लागलेलं अन्न काढते आणि थराला फारसा धक्का लावत नाही. स्टीलची तारेची घासणी रोज वापरू नका, ती गंज काढायच्या दिवसासाठी राखून ठेवा.

धुतल्यावर फडक्याने पुसा आणि लगेच आचेवर ठेवा, दोन-तीन मिनिटं. नुसतं पुसणं पुरत नाही. खरखरीत पृष्ठभागाच्या खळग्यांत पाणी राहतं आणि तेवढंही गंज चढायला भरपूर होतं. पाणी उडून गेलं की तेलाचे दोन-तीन थेंब, फडक्याने सगळीकडे, आणि पुन्हा पुसून कोरडं. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम आहे.

सगळं नीट करूनही अन्न चिकटतं. माझं काय चुकतंय?

नव्वद टक्के वेळा सीझनिंगचा दोष नसतो, तापमानाचा असतो. थंड तव्यावर तेल आणि त्यावर अंडं टाकलं तर ते चिकटणारच. अंड्यातली प्रथिनं हळूहळू तापताना धातूला धरून बसतात. आधी तवा तापवा, मग तेल टाका, ते सैल होऊन पसरू लागलं की जिन्नस टाका. पाण्याचा थेंब टाकून पाहा: नुसता चरचरून आटला तर तवा अजून तापायचा आहे, थेंबाची गोळी होऊन ती तव्यावर पळू लागली तर तो अंड्यासाठी जरा जास्तच तापलाय, आच कमी करा.

दुसरी चूक घाईची. मांस किंवा बटाट्याचा काप टाकल्या टाकल्या उलटायला गेलात तर तो फाटेल. खालून रंग आला, कड आली की तो आपणहून सुटतो. ओढावं लागतंय म्हणजे अजून थोडा वेळ हवा.

आणि तवा खरंच नवा असेल तर अंडं आणि मासा हे दोन जिन्नस पहिले काही आठवडे बाजूला ठेवा. कांदा परता, बटाटे तळा, भाज्या भाजा. थर बसू द्या.

टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर अजिबात चालत नाही का?

चालतं, वेळेच्या मर्यादेत. आम्ल लोखंडाशी संयोग पावतं आणि थरही मऊ करतं. चांगल्या घडलेल्या कढईत दहा-पंधरा मिनिटं टोमॅटो शिजला तर काही बिघडत नाही. दोन तास रटरटवला तर पदार्थाला धातूची चव येईल, रंग काळपट होईल आणि कढईत फिकट चट्टे दिसतील. लिंबू शेवटी, आच बंद केल्यावर पिळा. आंबट पदार्थ झाला की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा. खरं तर कुठलाच पदार्थ बिडात रात्रभर ठेवू नये.

या भांड्यांतून शरीराला लोह मिळतं, हे खरं?

खरं आहे, पण किती मिळेल ते पदार्थावर अवलंबून आहे. १९८६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सफरचंदाचा शिजवलेला गर तपासला होता. १०० ग्रॅममागे लोह ०.३५ मिलिग्रॅम होतं, ते लोखंडी भांड्यात शिजवल्यावर ७ मिलिग्रॅमच्या वर गेलं. पदार्थ जितका आंबट आणि पातळ, जितका जास्त वेळ शिजवलेला आणि भांडं जितकं नवं, तितकं लोह जास्त उतरतं. जुन्या, काळ्या तव्यावर दोन मिनिटांत भाजलेल्या जिन्नसात ते नगण्य असतं. इथिओपियात केलेली एक चाचणी १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. तिथे लोखंडी भांड्यात शिजवलेलं अन्न खाणाऱ्या मुलांचं हिमोग्लोबिन ॲल्युमिनियमच्या भांड्यांतलं खाणाऱ्या मुलांपेक्षा जास्त सुधारलं.

म्हणून रक्तक्षयावर तवा हा उपचार, असं समजू नका. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्याच. आणि घरात कुणाला हिमोक्रोमॅटोसिस (अन्नातलं लोह गरजेपेक्षा जास्त शोषलं जाण्याचा आजार) असेल, किंवा थॅलेसेमियासारख्या आजारात वारंवार रक्त द्यावं लागत असेल, तर शरीरात लोह साठणं धोक्याचं असतं. अशा घरात बिडाची भांडी वापरायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

गंज चढलाय. भांडं गेलं का?

अजिबात नाही. बिडाच्या जाडीपुढे वरवरचा गंज काहीच नसतो. हलकी लाली असेल तर तारेच्या घासणीने आणि साबणाने घासा, आचेवर कोरडं करा, सीझनिंगचे एक-दोन फेरे द्या. झालं.

गंज जाड आणि खवल्यांचा असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन त्यात भांडं बुडवा. अर्ध्या तासाने काढा, घासा, पाहा. राहिलं असेल तर पुन्हा अर्धा तास. रात्रभर ठेवून झोपायला मात्र जाऊ नका. व्हिनेगर आधी गंज खातं आणि गंज संपला की लोखंड खायला लागतं, मग पृष्ठभागावर खड्डे पडतात आणि ते भरून येत नाहीत. बाहेर काढल्यावर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवा म्हणजे उरलेलं आम्ल मरेल. आणि ताबडतोब वाळवा. उघडं पडलेलं लोखंड ओलं राहिलं तर डोळ्यांदेखत काही मिनिटांत पुन्हा लालसर होतं. तसं झालंच तर तेलाच्या फडक्याने पुसून काढा आणि लगेच सीझनिंगला घ्या.

भांडं चिकट-चिकट लागतं आणि खवट वास येतो.

तेल जास्त झालं. माझ्याकडूनही हे झालं आहे. दोन महिने बाहेर राहायचं होतं, कढई गंजू नये म्हणून मी तिला आतून-बाहेरून भरपूर तेल चोपडलं आणि वर झाकण घट्ट लावून ठेवली. परत आल्यावर ती डिंक लावल्यासारखी झाली होती, धूळ चिकटली होती आणि झाकण उघडताच वास आला. गंजाचा ठिपका नव्हता, पण तिच्यात काही शिजवावंसं वाटेना.

चिकटपणा थोडा असेल तर गरम पाणी-साबणाने घासून, वाळवून, तेल न लावता ओव्हनमध्ये २३० अंशांवर तासभर ठेवा. कच्चं राहिलेलं तेल पक्कं होतं. थर जाड आणि ओघळलेला असेल तर तो खरवडून काढून नव्याने पातळ थर देणंच बरं. मी तेच केलं, एक रविवार गेला.

पदार्थात काळे कण येतात. ते घातक आहेत का?

नाहीत. ते एकतर करपून थर झालेल्या अन्नाचे कण असतात किंवा सुटलेल्या सीझनिंगचे. पांढऱ्या फडक्याला लागणारा काळपटपणाही त्यातलाच. पण कण येत राहिले तर मीठ किंवा साखळीच्या घासणीने सुटणारं सगळं काढून टाका. जे घट्ट आहे ते राहू द्या आणि वर एक-दोन थर द्या. रंग काही दिवस ठिगळं लावल्यासारखा दिसेल. त्याने स्वयंपाकाला काही होत नाही.

इंडक्शन, काचेची शेगडी, ओव्हन, मायक्रोवेव्ह, डिशवॉशर: काय चालतं?

इंडक्शनवर उत्तम चालतं, कारण बिडाला लोहचुंबक धरतं. सुरुवात मात्र अगदी कमी आचेने करा. इंडक्शन फक्त खालच्या कॉइलएवढी चकती तापवतं. एकदम पूर्ण शक्ती दिली तर मध्य लालबुंद आणि कड गार अशी ओढाताण होऊन भांडं वाकडं होऊ शकतं, तडकूही शकतं. काचेच्या शेगडीवर उचलून ठेवा, सरकवू नका, ओरखडे पडतात. ओव्हनमध्ये चालतं. मायक्रोवेव्हमध्ये नाही. डिशवॉशरमध्ये तर कधीच नाही: तिथे तासभर तीव्र क्षारयुक्त गरम पाणी आणि वाफ, म्हणजे थर जाण्याची आणि गंज येण्याची दोन्ही सोय एकत्र.

एनॅमलच्या भांड्याला हे सगळं लागू आहे का?

नाही. एनॅमल म्हणजे बिडावर वितळवून बसवलेली काच. फ्रान्समधल्या ल क्रूझेने १९२५ पासून अशी रंगीत भांडी करून ती जगभर पोचवली. त्यांना सीझनिंग लागत नाही, टोमॅटो तासन्‌तास शिजवला तरी चालतो, साबण हवा तितका. पण काचेचे भोग काचेला आहेतच. रिकामं भांडं मोठ्या आचेवर ठेवू नका, तारेची घासणी आणि धातूचा चमचा वापरू नका, गरम असताना गार पाणी ओतू नका. तपकिरी डागांसाठी सोडा घालून पाणी उकळा. काठावर जिथे काच नसते तिथे गंज येतो, तेवढ्या भागाला तेलाचं बोट लावा. आतली काच टवका उडून निघाली असेल तर ते भांडं स्वयंपाकातून बाद करा, कारण काचेचे आणखी कण सुटून अन्नात येऊ शकतात.

जुनं, कुणीतरी वापरलेलं भांडं मिळालंय. घ्यावं का?

जरूर घ्यावं, पण आधी तपासून. एका बोटावर किंवा दोरीला टांगून लाकडी चमच्याने वाजवा. धड भांडं घंटेसारखं खणखणतं, तडा असेल तर बद्द आवाज येतो. सपाट ओट्यावर ठेवून काठ दाबा, डुलत असेल तर तळ वाकला आहे आणि तो सरळ होणार नाही. गॅसच्या शेगडीवर थोडं डुललेलं चालून जातं, इंडक्शनवर नाही.

आणखी एक गोष्ट, जी फारशी कुणी सांगत नाही. जुन्या बिडाच्या भांड्यांत काही लोक बंदुकीच्या गोळ्यांसाठी किंवा मासेमारीच्या वजनांसाठी शिसं वितळवत. ते डोळ्यांना दिसेलच असं नाही. भांड्याचा इतिहास माहीत नसेल तर शिसं तपासायच्या किटने परीक्षा करा, आणि शिसं निघालं तर त्यात कधीच शिजवू नका. घासून किंवा वरून सीझनिंग करून त्याचा भरवसा येत नाही.

वर्षानुवर्षांचा जाड लेप काढायचा असेल तर कॉस्टिक सोडा असलेला ओव्हन क्लीनर लावून भांडं प्लास्टिकच्या पिशवीत एक-दोन दिवस बांधून ठेवतात. हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, मोकळी हवा, मुलं लांब. ॲल्युमिनियमला हा सोडा अजिबात लागू देऊ नका. विजेच्या साहाय्याने, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात गंज काढण्याची पद्धतही चांगली आहे, पण दुसरा ध्रुव म्हणून स्टेनलेस स्टील वापरू नका, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरू शकतात. आणि भांडं थेट विस्तवात टाकून जाळण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. लेप जळतो, पण तळ वाकतो, आणि लोखंड लालसर पडलं की त्यावर पुढे थर नीट धरत नाही.

बरेच दिवस वापरायचं नसेल तर कसं ठेवावं?

कोरडं, पुसून घेतलेल्या तेलाच्या नावापुरत्या हाताने, झाकण न लावता. एकात एक ठेवायची असतील तर मधे कागद किंवा सुती फडकं घाला, ते ओल टिपतं आणि ओरखडेही टळतात. हवा दमट असेल तर महिन्यातून एकदा आचेवर पाच मिनिटं तापवून घ्या.

तडा गेला तर जोडता येतो का?

स्वयंपाकासाठी नाही. बिडाचं वेल्डिंग होतं, पण त्यासाठी निकेलच्या कांड्या, आधी सगळं भांडं सारखं तापवणं आणि नंतर फार हळू निववणं लागतं. इतकं करून सांधा पुढच्या तापण्या-निवण्यात पुन्हा उघडण्याची भीती असतेच. शिवाय फटीत तेल आणि अन्न अडकून राहतं.

तडा जातो तो बहुतेक वेळा थंड पाण्याने. माझी बारा वर्षं वापरलेली कढई तशीच गेली. तळण संपलं, तेल काढून घेतलं आणि मी ती तशीच नळाखाली धरली. ‘टक्’ असा एकच बारीक आवाज आला. काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी शेगडीवर तेलाचा थेंब टपकला तेव्हा काठापासून तळापर्यंत केसाएवढी रेघ सापडली. तेव्हापासून भांडं कोमट होईपर्यंत मी त्याला पाणी दाखवत नाही, आणि थांबायला वेळ नसलाच तर गरमच पाणी वापरते.

तडकलेलं भांडं कचऱ्यात टाकू नका, भंगारात द्या. बीड वितळवून पुन्हा ओतता येतं, आणि ओतशाळा जुनं बीड घेऊन त्यातूनच नवी भांडी करतात.